कोळसा संपलेल्या गावचा हंगाम



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, अर्थकारण, नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत फ्रान्समधल्या एका फुटबॉल संघाच्या एका हंगामाचे पान कुणी मांडले, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. शिवाय हा संघ पॅरिसचा नाही, मार्सेयचाही नाही. तो आहे उत्तर फ्रान्समधल्या लांस नावाच्या गावचा. गावची वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने एखादे तालुक्याचे ठिकाण. आणि या गावातल्या फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक मावतात चाळीस हजारांच्या घरात! सगळे गाव, तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरून, आत जाऊन बसले तरी काही जागा रिकाम्या राहतील. असे मैदान कुणी बांधले, का बांधले, आणि १९९८ साली तिथल्या लोकांच्या पदरात काय पडले, हे मला आज सांगायचे आहे.

प्रथम हिशेब सांगतो, कारण या गोष्टीचा शेवट एका बेरजेवर झाला. त्या वर्षी फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत अठरा संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या घरी; म्हणजे प्रत्येक संघाचे चौतीस सामने. जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर शून्य. ऑगस्टमध्ये आरंभ करावा आणि मे महिन्यात बेरीज मांडावी. अंतिम सामना म्हणून वेगळा नसतोच. ज्याची बेरीज मोठी तो विजेता. या पद्धतीत नशिबाला वाव कमी आणि चिकाटीला जास्त. १९९७-९८ च्या हंगामाअखेर लांसचे गुण झाले ६८. पूर्वेकडच्या लोरेन प्रांतातला मेस नावाचा संघ, त्याचेही झाले ६८. लांसने २१ सामने जिंकले, ५ बरोबरीत सोडवले, ८ हरला. मेसने २० जिंकले, ८ बरोबरीत सोडवले आणि केवळ ६ हरला. तेव्हा निवाडा करायचा कसा? नियम असा की, केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करावेत आणि ज्याची बाकी मोठी त्याला मान द्यावा. लांसने ५५ गोल केले आणि ३० खाल्ले, बाकी २५. मेसने ४८ केले आणि २८ खाल्ले, बाकी २०. दहा महिन्यांच्या धावपळीनंतर पाच गोलांच्या अंतराने विजेता ठरला.

पाच गोल! सामना हातातून गेला आहे, घटकाभरच उरली आहे, अशा वेळी थकलेल्या गोलरक्षकाने जिवावर उदार होऊन अडवलेला चेंडू. किंवा सामना खिशात आहे, लोक उठून घरी निघाले आहेत, अशा वेळी कुणा आघाडीच्या गड्याने उगाच म्हणून मारलेला गोल. हे सारे त्या पाचांत जमा असते. ते करणाऱ्याला त्या क्षणी ठाऊक नसते, हीच त्यातली गंमत.

आता गावाकडे वळू. लांस हे पा-द-काले प्रांतातले कोळशाचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे जमिनीखाली कोळसा सापडला, १८५२ मध्ये लांसची खाण कंपनी निघाली आणि बीट-गव्हाच्या सपाट शेतांवर लोखंडी मनोरे उभे राहिले. खाणकामगारांसाठी कंपनीने लाल विटांच्या, एकीला एक चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा बांधल्या. त्यांना ‘कोरों’ म्हणतात. आपण चाळ म्हणू, फक्त माडी चढवण्याऐवजी जमिनीवर पसरलेली. घर कंपनीचे, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, प्रार्थनामंदिरही कंपनीने बांधून दिलेले. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे ढीग वाढत वाढत टेकड्या झाल्या. शेजारच्या गावात अशा दोन जुळ्या काळ्या टेकड्या आहेत, शंभर मीटरांहून उंच. त्या सपाट मुलखात दुसरा डोंगर नाही. जो आहे तो माणसांनी पोटातून उपसून काढलेला.

या कामगारांना फ्रेंच भाषेत ‘काळी तोंडे’ असे म्हणत. आपल्याकडे तोंड काळे करणे याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. तिकडे तो शब्द बिरुदासारखा मिरवला जाई. आजही त्या मैदानावर जमणारे लोक तो अभिमानाने उच्चारतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी खाण आतून पाहिलेलीसुद्धा नाही.

१० मार्च १९०६ रोजी, लांसला लागूनच असलेल्या कुरिएर कंपनीच्या खाणींत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. १०९९ माणसे आणि पोरे दगावली. पोरे म्हणतो, कारण चौदा-पंधरा वर्षांची मुलेही त्यांत होती. कंपनीने तीन दिवसांनंतर शोध जवळजवळ सोडून दिला आणि खाण वाचवण्याकडे लक्ष दिले. वीस दिवसांनी तेरा माणसे अंधारातून चालत, धडपडत आपल्या पायांनी वर आली. आम्ही मेलो म्हणून तुम्ही ठरवलेत कसे, हा प्रश्न त्या तेरा जणांच्या नुसत्या दर्शनाने विचारला गेला असेल. सगळ्या कोळसापट्टीत संप पेटला. त्याच वर्षी लांसमध्ये काही तरुण पोरांनी एकत्र येऊन फुटबॉलचा संघ काढला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही. पोरांना चेंडू हवा होता इतकेच. तरी १९०६ हे साल लांसच्या दोन्ही वह्यांत लिहिलेले आहे. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने गाव व्यापले, आणि युद्ध संपले तेव्हा तिथे विटांच्या ढिगाऱ्यांखेरीज काही उरले नव्हते. गाव पुन्हा बांधले गेले, खाणी पुन्हा उपसल्या गेल्या. माणसे कमी पडली तेव्हा पोलंडातून हजारो कुटुंबे आली. संघाने तांबडा आणि सोनेरी हे रंग घेतले. ‘रक्त आणि सोने’ हे त्याचे टोपणनाव.

१९३० नंतरच्या मंदीत कंपनीने मैदान बांधायला काढले. अंगमेहनत केली ती मंदीत काम गेलेल्या खाणकामगारांनी. मैदानाला नाव मिळाले कंपनीचे एक संचालक फेलिक्स बोलार यांचे. कंपनीला खेळाचा एवढा पुळका का? याचे उत्तर भाबडेपणाने देऊ नये. रविवारी मजूर मैदानावर बसला म्हणजे तो गुत्त्यात बसत नाही आणि संघटनेच्या सभेलाही जात नाही, हा मालकाचा हिशेब होता. चांगला खेळणाऱ्याला खाणीत नोकरी मिळे. म्हणजे त्याचा पाय खेळासाठी आणि पोट कंपनीच्या हाती. पण मालकाचे हिशेब नेहमी मालकाच्या मनासारखे सुटत नाहीत. ज्यांना पांगवण्यासाठी मैदान बांधले, ते त्याच मैदानावर एकत्र आले. पोलिश घरातला स्टानिस हा खाणीत राबणारा गडी गोल करू लागला. १९४२ च्या डिसेंबरात एका स्पर्धेच्या सामन्यात लांसने ३२ विरुद्ध ० असा विजय मिळवला, त्यांतले १६ गोल एकट्या स्टानिसचे! (समोरच्या संघाची मला दया येते.) पुढे व्हिझ्नियेव्हस्की, सोव्हिन्स्की, आणि अल्जीरियातून आलेला उदजानी. परक्या नावांची ही पोरे त्या गावाची झाली ती या मैदानावर. घरमालकाच्या दारी परदेशी असलेला माणूस मैदानावर आपला होतो, ही किमया कंपनीच्या कागदपत्रांत लिहिलेली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर खाणी सरकारच्या झाल्या. देशाला ऊब हवी होती, गिरण्यांना आणि आगगाड्यांना कोळसा हवा होता. दोन लाखांहून अधिक माणसे त्या पट्टीत राबत होती. खाणकामगार हा राष्ट्राचा पहिला सैनिक, अशी भाषणे झाली. मग तेल आले, स्वस्त परदेशी कोळसा आला, आणि भाषणे थांबली. १९६८ साली संघ खालच्या श्रेणीत घसरला. पुढल्या वर्षी खाणसंस्थेने हात काढून घेतला. खाणीच बंद करायला निघालेले लोक चेंडूवर पैसा कशाला खर्च करतील? संघाला व्यावसायिक दर्जा सोडावा लागला. त्या वेळी नगराध्यक्ष होते आंद्रे दलेलिस. त्यांच्या नगरपालिकेने संघ सावरून धरला. रस्ते, गटारे, दिवाबत्ती सांभाळणाऱ्या नगरपालिकेने फुटबॉल पोसावा का, यावर आपल्यात दोन तट पडतील हे मी जाणतो, आणि एरवी मीही कदाचित विरोधी तटात असतो. पण जिथे खाण गेली, दुकाने चालली, तरुण निघाले, तिथे गावाचे म्हणावे असे काय उरते, हा प्रश्न नगराध्यक्षांपुढे होता. दलेलिस पुढे देशाचे व्यापारमंत्री झाले, तरी ते लांसच्या लोकांना आठवतात ते या एका निर्णयासाठी. आज मैदानाच्या नावात बोलार यांच्या जोडीला त्यांचेही नाव आहे.

१९७३ मध्ये संघ पुन्हा वरच्या श्रेणीत आला. १९७४ च्या डिसेंबरात नाताळच्या सुटीनंतरच्या पहिल्याच पाळीला शेजारच्या लिएव्हँ गावी खाणीत स्फोट होऊन ४२ माणसे गेली. ज्या खाणी बंदच व्हायच्या होत्या, त्यांनी जाता जाता घेतलेला हा बळी. डिसेंबर १९९० मध्ये वान्यी येथे त्या सबंध पट्टीतला शेवटचा कोळसा वर काढण्यात आला. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा व्यवसाय संपला.

आणि या साऱ्या काळात संघाने एकदाही अजिंक्यपद मिळवले नव्हते. १९५६, १९५७ आणि १९७७ साली तो दुसरा आला. देशाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात तो १९४८ आणि १९७५ साली हरला. खाणी भरात होत्या तेव्हा नाही, सरकार पाठीशी होते तेव्हा नाही. ते झाले १९९८ साली, जेव्हा त्या मुलखाखाली एकही माणूस काम करीत नव्हता.

आधीच्या हंगामात संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात चाचपडत होता. अध्यक्ष जेर्व्हे मार्तेल यांनी संघ दान्येल लक्लेर यांच्या हाती दिला. लांब पांढऱ्या केसांमुळे त्यांना लोक ‘द्रुइड’, म्हणजे जुन्या काळचा रानातला ऋषी, म्हणत. १९७७ साली लांस दुसरा आला तेव्हा लक्लेर त्याच संघात खेळत होते. त्यांचे सूत्र एवढेच की, गोल वाचवत बसू नये, गोल करावेत. हे ऐकायला सोपे आहे. पण ज्याच्याकडे पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, तो बहुधा तटबंदी करून बसतो. लक्लेर यांनी तटबंदी केली नाही, म्हणूनच लांसचा संघ विजेता असूनही आठदा हरला. मेससारखा सावध संघ सहादाच हरला. पण त्या पाच गोलांची बाकी जमली ती या धीटपणातून, असे माझे मत आहे.

संघ कसा होता? गोलरक्षक वारमुझ, कप्तान वालेम. बचावात एरिक सिकोरा, ज्याचा जन्म त्याच कुरिएर गावचा आणि ज्याने व्यावसायिक खेळाची सारी वर्षे याच एका संघात काढली. पुढे टोनी वेरेल, माँटेनेग्रोचा ड्रोबन्याक, झेक देशाचा श्मित्सर, मधल्या फळीत झियानी. आणि कॅमेरूनचा उंचापुरा मार्क-व्हिव्हिएँ फोए, विशीच्या आत या गावी आलेला, ज्याच्यावर गावाने लेकरासारखी माया केली. याच मातीतली काही मुले आणि लांबून आलेली काही: खाणीच्या पाळीत असे तसेच हे मिश्रण.

मेसला मी या गोष्टीतला खलनायक करणार नाही. लोरेनमधल्या लोखंडाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या त्याच वर्षांत विझत होत्या. रोबेर पिरेससारखा खेळाडू त्यांच्याकडे होता, शिक्षक होते जोएल म्युलेर. हंगामाचा बराच काळ तेच आघाडीवर होते आणि त्यांनीही कधी अजिंक्यपद पाहिले नव्हते. मार्चअखेर लांसचा संघ मेसच्या मैदानावर गेला आणि २-० ने जिंकून आला. त्या एका सामन्याने लांसच्या बाकीत दोन मिळवले आणि मेसच्या बाकीतून दोन काढले. शेवटच्या पाच गोलांच्या अंतरातले चार तिथे पडले होते.

तरी नियतीने एक दणका दिलाच. २ मे रोजी पॅरिसलगतच्या नव्या राष्ट्रीय क्रीडागारात चषकाचा अंतिम सामना लांस पॅरिसच्या संघाकडून २-१ ने हरला. १९४८, १९७५ आणि आता १९९८. बरोबर सात दिवसांनी, ९ मे रोजी, अखेरचा साखळी सामना ओसेर या गावी. लांसचे गुण ६७, मेसचे ६५. लांसला बरोबरी पुरणार होती. हरला आणि तिकडे मेस जिंकला, तर मेस विजेता. ओसेरही काही लेचापेचा संघ नव्हे. एका पाद्र्याने स्थापलेला, मैदानाला त्याच पाद्र्याचे नाव, आणि गी रू नावाचे शिक्षक १९६१ पासून त्याला घडवीत असलेले. दोन वर्षांपूर्वी, १९९६ मध्ये, तेच अजिंक्य होते.

आणि ओसेरने पहिला गोल केला.

श्रोतेहो, त्या वेळची लांसच्या माणसाची अवस्था कल्पनेत आणून पाहा. आठवड्यापूर्वी चषक गेला. तीनदा दुसरे येऊन झाले आहे. तिकडे मेसमध्ये यजमान संघ लिओंशी खेळतो आहे, आणि तो सामना ते जिंकणार, १-० ने. म्हणजे इकडे काही घडले नाही तर दहा महिन्यांची कमाई दुसऱ्याच्या घरी जाणार.

दुसऱ्या अर्धात योआन लाशोरने गोल केला. हा लाशोर बचावातला, बावीस वर्षांचा, पा-द-काले प्रांतातलाच जन्मलेला आणि लांसच्याच शाळेत तयार झालेला. वेरेल नाही, ड्रोबन्याक नाही, श्मित्सर नाही. ज्याच्याकडून कुणी गोलाची अपेक्षा करीत नाही त्याने केला. सामना १-१ असा सुटला. मेस आपला सामना जिंकला आणि अजिंक्यपद हरला. आपल्या संघाच्या विजयाची टाळी वाजवून झाल्यावर मेसच्या प्रेक्षकांना ओसेरची बातमी कळली असेल, तो क्षण मला या साऱ्या कथेत सर्वांत अवघड वाटतो.

त्या रात्री लांसमध्ये बोलार मैदानावर हजारो लोक संघाच्या परतण्याची वाट पाहत बसले होते. मैदानात त्या वेळी चेंडू नव्हता, सामना नव्हता.

कुणी विचारील, याने लांसचे काय भले झाले? कारखाना आला का? बेकार कामाला लागले का? नाही. ढोल वाजवून बेकारी जात नाही, आणि जे लोक खेळाला गोरगरिबांची अफू म्हणतात त्यांच्या म्हणण्यातला हा भाग मी नाकारीत नाही. पण अफू मालक वाटतो. इथे मालक केव्हाच निघून गेला होता. कंपनी नाही, सरकारी खाण नाही. जे उरले होते ते त्या लोकांनी आपल्या नगरपालिकेच्या पैशाने आणि तिकिटाच्या पैशाने जपले होते. त्यातून जे मिळाले ते त्यांचे स्वतःचे होते, आणि कदाचित त्या गावी प्रथमच तसे झाले होते.

आज बोलारवर सामन्याच्या मध्यंतरानंतर सारे लोक उभे राहून पिएर बाशले यांचे ‘ले कोरों’ हे गाणे म्हणतात. त्या विटांच्या घरांवरचे, खाणीत उतरणाऱ्या बापावरचे हे १९८२ चे गाणे. ती प्रथा पक्की झाली बाशले यांच्या मृत्यूनंतर, २००५ पासून. ९८ च्या चित्रात तो गजर भरू नये. स्मारके अशी उशिराने उभी राहतात. २०१२ साली कोळसापट्टीला जागतिक वारशात स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी लांसमधल्या एका जुन्या खाणीच्या जागेवर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची शाखा उघडली. मैदान तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

संघाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याने आर्सेनलला १-० ने हरवले. १९९९ साली दुसऱ्या एका चषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा मेसच समोर आला आणि पुन्हा लांस जिंकला. लक्लेर त्याच वर्षी दूर झाले. २०१९ मध्ये ते वारले. पुढे संघ तीनदा खालच्या श्रेणीत गेला, २०२० साली वर आला, आणि २०२३ साली पॅरिसच्या धनाढ्य संघापेक्षा केवळ एक गुण कमी मिळवून दुसरा आला.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. मेसचे शिक्षक जोएल म्युलेर, ज्यांच्या हातून १९९८ चे अजिंक्यपद पाच गोलांनी निसटले, ते पुढे लांसचेच शिक्षक झाले. ४ मे २००२ रोजी लांसचा अखेरचा सामना लिओं येथे होता. लांस एका गुणाने पुढे. या वेळीही बरोबरी पुरली असती. लांस ३-१ ने हरला आणि लिओं अजिंक्य झाले. लिओंच्या त्या हंगामातल्या संघात मार्क-व्हिव्हिएँ फोए होता. पुढच्याच वर्षी, २६ जून २००३ रोजी, लिओंच्या त्याच मैदानावर कॅमेरूनकडून खेळताना तो मध्येच कोसळला आणि गेला. वय अठ्ठावीस. लांसमध्ये मैदानाजवळच्या एका हमरस्त्याला त्याचे नाव आहे.